कृपया स्क्रीनकडे पाहा

आमच्या मालकांनी अपंगांचा प्रश्न एका दुपारी मिटवला.

निगडीला, प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. चाकणच्या कंपन्यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. सगळ्या सारख्याच. वर दातेरी चाकाचं चित्र, खाली हसणारा गोरा इंजिनीअर, आणि त्याखाली ‘आमचे कामगार हेच आमचे कुटुंब’. त्यातल्या एका कंपनीला परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की तुमची वेबसाइट अपंगांनाही वापरता आली पाहिजे. मालकांनी इंटरनेटवरून व्हीलचेअरचं निळं चिन्ह शोधलं आणि पानाच्या कोपऱ्यात डकवलं. ते दाबलं की अक्षरं मोठी व्हायची आणि सगळं पान काळं-पिवळं व्हायचं, रिक्षासारखं.

“झाली,” मालक म्हणाले. “कळवून टाका त्यांना.”

मी उठले आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा माऊस काढून घेतला. म्हटलं, “सर, आता ही साइट चालवून दाखवा.”

“माऊसशिवाय?”

“ज्याला पडद्यावरचा बाणच दिसत नाही, त्याला माऊसचा काय उपयोग? तो सगळं कीबोर्डवरच करतो. कॉम्प्युटर त्याला पान वाचून दाखवतो, तो ऐकतो आणि बटनं दाबत पुढे जातो. जाऊन दाखवा.”

मालकांनी दोन-चार बटनं दाबली. पहिल्याच यादीत ते अडकले. मग हसले आणि बाकीच्यांकडे वळले. “बघा, कामगार नेत्या आल्या. अहो नेत्या, ज्याला दिसत नाही तो चाकणला कशाला येईल? गाडीला रंग द्यायला?”

सगळे हसले. हसण्यासाठीच पगार असल्यासारखे हसले.

मला नेत्या म्हणायचे ते माझ्या वडिलांमुळे. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ते युनियनचं काम करायचे आणि गेटवर वाटायची पत्रकं स्वतः लिहायचे. आम्ही लातूरकडून आलेले. चऱ्होलीच्या दोन खोल्यांत दुसरी पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांवर. ‘बंधूंनो, सावध!’ हे मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता येत होतं. पप्पा कच्चा खर्डा मोठ्यानं वाचायचे आणि ताई तो तपासायची. माझी ताई. सातवीत असताना तिचं दिसणं हळूहळू गेलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. कान मात्र सोनाराच्या काट्यासारखे. “पप्पा, ‘भांडवलशाही’ तीनदा आली. सेकंड शिफ्ट सुटल्यावर पोटात भूक असती, एवढं कोण ऐकंल?” असं म्हणून ती अर्धं पत्रक कापायची. पप्पा कुरकुरायचे आणि कापलेलंच छापायचे. ते म्हणत, पत्रक ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला ते कळलं नाही, तर ते मालकाचं पत्रक.

हे मी मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही विनोद केला असता. म्हणून मी फक्त माऊस परत जोडून दिला.

पुढे त्याच कंपनीच्या वेबसाइटवर भरतीची जाहिरात आली. जागा होती वाहतूक विभागात, फोन घेण्याची. कंपनीच्या बस पहाटेपासून गावोगाव फिरतात. कुणाची बस चुकते, कुणाचा थांबा बदलतो, कुणी रस्त्यात उभं राहून शिव्या देत असतं. हे फोन घ्यायचे आणि सांगायचं, अमुक ठिकाणी थांबा, दुसरी बस येतेय. जागा अपंगांसाठी राखीव होती. ताई ग्रॅज्युएट होती, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, आणि तोपर्यंत ज्या ज्या दारात गेली त्या त्या दारातून ‘कळवू’ ऐकून परत आलेली होती. या जागेला वयाची अट होती. पुढच्या वेळी जाहिरात आली असती तेव्हा ताई त्या वयाच्या पलीकडे गेलेली असती. म्हणजे ही शेवटचीच.

“बस चुकलेल्या माणसाशी बोलायचं,” ताई म्हणाली. “हे मला जमंल. मी जन्मभर तेच करायलेय.”

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. इअरफोन लावायचे नाहीत. मराठी निवडलं तर प्रश्न आणि सूचना सगळं मराठीत. परीक्षेची ती पानं आम्हीच बनवलेली होती, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर. कॅमेऱ्याची पहारेदारी बाहेरून विकत घेतलेली होती आणि तिची कळ कंपनीच्या एचआरवाल्या साहेबांच्या हातात होती.

सरावासाठी एक नमुना परीक्षा ठेवलेली होती. ताई ती द्यायला बसली आणि मी मुद्दाम बाजूला उभी राहिले. लॅपटॉप वाचायला लागला. पहिला प्रश्न आला, पर्याय आले, ताईनं उत्तर निवडलं. पुढच्या प्रश्नावर जायला बटनच सापडेना. पडद्यावर ते होतं, हिरवंगार, गलेलठ्ठ. पण ते माऊसनं दाबायचं नुसतं चित्र होतं. लॅपटॉपच्या आवाजाला ते माहीतच नव्हतं. ताई वर गेली, खाली गेली, परत वर. आणि तेवढ्यात त्याच सपाट आवाजात सूचना आली, “कृपया स्क्रीनकडे पाहा.”

ताई थांबली. “काय म्हणालं ते?”

“कृपया स्क्रीनकडे पाहा.” पुन्हा.

ताईनं मान तिरकी केली. ऐकताना ती नेहमीच तशी करते. “बघते की बाबा,” ती लॅपटॉपला म्हणाली. “कुठं ठेवलीयस तेवढं सांग.”

मग ती हसली आणि मला हसू येईना. जागा अपंगांसाठी राखीव, आणि परीक्षेची अट डोळे समोर ठेवण्याची. हे कुणी दुष्टपणानं केलेलं नव्हतं. दुष्टपणा करायला समोर माणूस आहे हे आधी लक्षात यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना दाखवलं. बटन दुरुस्त करणं हे माझं काम, ते मी करून ठेवलं. कॅमेऱ्याचं एचआर साहेबांना फोनवर सांगितलं. ते खूप चांगलं बोलले. “अरे हो, व्हॅलिड पॉइंट आहे, मॅडम. त्याची एक सेटिंग असते, दिव्यांग उमेदवारांसाठी बंद करता येतं. करतो मी.” मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, करतो. त्यानंतर विचारलं तेव्हाही, हो हो, करतोच.

दुरुस्त केलेलं पान साइटवर चढवायचं ते फक्त मालकांच्या कॉम्प्युटरवरून. कुणी काही उलटंसुलटं करू नये म्हणून त्यांनी तशी व्यवस्था ठेवलेली होती. मालक म्हणाले, एकटंदुकटं पान चढवायचं नाही, दसऱ्याच्या आधी सगळं एकदम चढवू. मी आठवण करून दिली की म्हणायचे, “नेत्या, घेराव घालणार का?” परीक्षेचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा होता. ताई तोवर थांबली, कारण एकदा परीक्षा उघडली की ती परत देता येत नव्हती.

आमच्या भागात खंडेनवमी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगायला हवं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. चाकणला मोठमोठी प्रेस मशीन धुऊन पुसून हार घालून उभी करतात, कामगार बायकापोरांना घेऊन येतात, आपण कुठं राबतो ते दाखवतात. पुजलेल्या मशीनला मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलंय, एक दिवस टेकू दे. मला ही चाल आवडायची. पप्पाही पुजायचे, नास्तिक असून. त्यांचा पाना आई देवापुढे ठेवायची आणि पप्पा म्हणायचे, “देवाला नाही, पान्याला नमस्कार.” त्या सकाळी आईनं ताईचा लॅपटॉपही पाटावर मांडला होता. ताई म्हणाली, “आई, माझं हत्यार आज चालणार हाय.” आईनं वरचं फूल उचललं, कुंकू पदरानं पुसलं आणि लॅपटॉप ताईच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, “उद्या पुजू. त्याला काय कळतंय, नवमी का दशमी.”

ऑफिसात गेले तर सगळे नटून आलेले. कीबोर्डांवर झेंडूच्या पाकळ्या, प्रत्येक पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, प्रिंटरला पण हार. मालकांची आई खुर्चीवर बसून देखरेख करत होती. नारळ फुटला, आरती झाली. एचआर साहेब पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यापुढे द्रोणात शिरा होता.

मी मालकांना म्हटलं, “सर, पान चढवायचं राहिलंय. आज शेवटचा दिवस आहे.”

“आता पूजा झाली ना.”

“सर, माझ्या बहिणीची परीक्षा आहे.”

“माहीत आहे हो. पण पुजलेल्या मशीनला हात लावतात का? तुमच्याकडे नाही पाळत?” हे म्हणताना त्यांच्या हातात मोबाइल होता. मघापासून ते पूजेचे फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. मोबाइलला कुंकू लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. ज्याच्यावाचून त्यांचं अडतं, ते हत्यार विश्रांतीला नव्हतं.

मी एचआर साहेबांकडे गेले. “सर, ती सेटिंग झाली का?”

त्यांनी घास गिळला. “अरे! मॅडम, लॅपटॉप कंपनीत पूजेला ठेवलाय. दसरा झाला की पहिलं काम ते.”

“मग एक दिवस मुदत वाढवा.”

“मुदत सिस्टीममध्ये असते. आपोआप बंद होते. आमच्या हातात नाही ते.” मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली. दया आलेल्या माणसापासून देव वाचवो. “तुमच्या ताईंना शिवण येतं का? आम्ही दरवर्षी दिव्यांग भगिनींना शिलाई मशीन वाटतो. नाव सुचवा. स्टेजवर सत्कार पण असतो.”

“तिला दिसत नाही, सर.”

“अच्छा, अच्छा. मग पांढरी काठी देऊ. ती पण असते.”

मी मालकांच्या टेबलाशी गेले. हार उचलून बाजूला ठेवला, तळहातानं पाकळ्या सारल्या, बसले. मालकांची आई ओरडली, “अगं ए, पूजेतलं उचलतात का? काय मुलगी आहे!” कॉम्प्युटर सुरू झाला. कुंकवाचे कण बटनांच्या फटीत गेले होते, बोटांना खरखरत होते. मालक म्हणाले, “उठ तिथून.” मी पान चढवलं. मालक म्हणाले, “उठ म्हणतो ना.” मी पान उघडून बघितलं, माऊसला हात न लावता. बटन सापडत होतं. मग मी उठले.

“उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाले. मघाशी एकेरीवर आले होते, आता पुन्हा बहुवचनात. हाकलताना ते आदर द्यायचे.

“उद्या दसरा आहे,” मी म्हटलं. “उद्या सुट्टीच आहे.”

कुणी हसलं नाही. शेजारच्या टेबलावरचा मुलगा, ज्यानं ते बटन मुळात बनवलं होतं, खाली वाकून पाकळ्या गोळा करत होता.

बाहेर येऊन ताईला फोन केला. सांगितलं, बटन चालतंय, कॅमेऱ्याचं झालेलं नाही. दे किंवा देऊ नकोस.

“दिली नाही तर काय, शिरा खाऊ?” ती म्हणाली. “तू घरी ये. तोवर मी तोंड सरळ ठेवायची प्रॅक्टिस करते.”

मी पोचले तेव्हा आई तिच्या समोर बसून तिची हनुवटी धरून सांगत होती, “थोडं खाली. आणखी. हं, आता समोर बघायलीस असं वाटतंय.” आंधळ्या मुलीला आई बघण्याचं नाटक शिकवत होती. पप्पा दाराशी उभे होते. ज्यांना गेटवर कुणी गप्प करू शकलं नव्हतं, त्यांनी जाऊन टीव्ही बंद केला.

ताईनं दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. टीव्ही बंद, पंखा बंद. आईनं गॅसही बंद केला होता, भाताला शिट्टी नको म्हणून. इअरफोनला बंदी, त्यामुळे लॅपटॉपचा आवाज दारातून ऐकू येत होता. पहिला प्रश्न, चार पर्याय, मग “पुढे, बटन”. सापडलं. पप्पांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. दुसरा प्रश्न. पुढे. ताई भराभर चालली होती. बसचे थांबे, वेळा, चिडलेल्या माणसाला काय उत्तर द्याल, असले प्रश्न. एका प्रश्नाला तिचं हलकं फुसकन हसणं ऐकू आलं.

मग आलं, “कृपया स्क्रीनकडे पाहा.”

पुन्हा प्रश्न. पुढे. पुन्हा, “कृपया स्क्रीनकडे पाहा.” ऐकायला तिची मान तिरकी होत असणार. सरळ ठेवली की ऐकण्यात लक्ष राहत नसणार.

आणि मग जे आलं ते मला सुचलंच नव्हतं. “खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज येत आहे. कृपया त्या व्यक्तीस बाहेर जाण्यास सांगा.”

आई घाबरली. तोंडावर पदर धरून कुजबुजली, “आपण तर बोललो पण नाही. कुणाला म्हणायलंय गं ते?”

ते लॅपटॉप स्वतःलाच म्हणत होता. प्रश्न वाचणारा त्याचाच आवाज, आणि तोच आवाज त्याच्या पहारेकऱ्याला परका माणूस वाटत होता. प्रश्न ऐकल्याशिवाय ताईला उत्तर देता येत नव्हतं, आणि ऐकला की ती चोर. ताईनं आवाज कमी केला. आम्हाला ऐकू येईनासं झालं. तिला कितपत ऐकू येत होतं कोण जाणे.

मी एचआर साहेबांना फोन लावला. वाजत राहिला, बंद झाला. परत लावला. परत वाजत राहिला.

दार उघडलं. ताई उंबऱ्यात उभी राहिली, लॅपटॉप उघडाच, काखेत धरलेला. तो अजून वाचत होता आणि तिनं त्याला वाचू दिलं. “संशयास्पद हालचालींमुळे आपली परीक्षा थांबवण्यात आली आहे. गैरप्रकार आढळलेल्या उमेदवाराचा अर्ज बाद समजला जाईल.”

“गैरप्रकार,” ताई म्हणाली. “आई, मी गैरप्रकार केला. भात लाव आता.”

दसरा झाल्यावर एचआर साहेबांनी फोन उचलला. त्यांना वाईट वाटलं. त्यांना कायमच वाईट वाटायचं, तो त्यांच्या नोकरीचाच भाग असावा. म्हणाले, “मॅडम, आम्ही नाही काढलं त्यांना, सिस्टीमनं काढलं. आणि सिस्टीमला कोण आंधळा, कोण डोळस, काही कळत नाही. ती सगळ्यांना सारखीच वागवते. उलट फेअर आहे.”

पप्पा म्हणाले, “चला, गेटवर. मी पत्रक काढतो.”

“काढा,” ताई म्हणाली. “फक्त माझं नाव आणि फोटो टाकू नका. मला स्टेजवर काठी नको.”

पत्रक निघालं. पप्पांनी आणि मी ते गेटवर वाटलं. कामगारांनी घेतलं, वाचलं, हळहळले, बसमध्ये चढले. बसमध्ये हळहळ फार टिकत नाही, जागा पकडायची असते. सुरक्षारक्षकानं आम्हाला हाकललं आणि एक पत्रक घडी करून खिशात घातलं. कंपनीला मी तीन पानी तक्रार केली. उत्तर आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. ती जागा कुणाला मिळाली ते आम्हाला कळलं. ज्याला मिळाली त्याचा एक पाय अधू होता, डोळे चांगले होते. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं.

मला वाटलं संपलं. पण मग मालकांचा फोन आला. मला काढलं होतं ते विसरल्यासारखे गोड बोलले. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार होता. साइट खऱ्या दिव्यांग व्यक्तीनं तपासली आहे असा शब्द त्याला हवा होता. “तुमच्या ताईंनी वापरलीच आहे ना साइट,” मालक म्हणाले. “दोन ओळी द्या म्हणावं. नाव नाही टाकणार. तुम्हालाही परत घेऊ, जुनं काय ते सोडून द्या.”

मी फोन आपटणार होते. ताईनं हात पुढे केला. तिनं फोन कानाला लावला आणि अगदी सरळ, त्या लॅपटॉपसारख्या सपाट आवाजात सांगितलं, “लिहून घ्या. ही वेबसाइट मी स्वतः वापरून तपासली आहे. तिनं मला चोर ठरवलं. झालं? वाचून दाखवा.”

पलीकडून मालकांनी निमूट वाचून दाखवलं. “दोन्ही ओळी टाका,” ताई म्हणाली आणि फोन मला दिला.

मी परत गेले नाही. आता दुसरीकडे काम करते, तिथेही माऊस काढून घेते, तिथेही लोक वैतागतात. ताई घरून एका क्लाससाठी फोन करते, पालकांना, फी भरायची राहिलीय म्हणून. लोक तिला शिव्या देतात आणि ती त्यांना थंड डोक्यानं पुढची तारीख देते.

गेल्या महिन्यात तिनं त्या कंपनीची वेबसाइट उघडली. कशाला, ते मी विचारलं नाही. लॅपटॉप वरपासून वाचत आला. दातेरी चाक, आमचे कामगार, आमचे कुटुंब. भरतीच्या पानाच्या तळाशी काळा चष्मा लावलेल्या, हसणाऱ्या कुणा अनोळखी बाईचा फोटो होता. फोटोच्या जागी लॅपटॉप नुसतं “चित्र” म्हणाला, कारण तिथे काय आहे ते कुणी लिहिलेलं नव्हतं. खाली एक ओळ होती, ती त्यानं वाचली. “ही वेबसाइट मी स्वतः वापरून तपासली आहे.”

ताईनं बाण दाबून पुढची ओळ आहे का बघितलं. नव्हती. मग ती ओळ तिनं पुन्हा एकदा ऐकली, मान तिरकी करून.

“माझंच हाय,” ती म्हणाली. “अर्धं कापलेलं.” आणि तिनं क्लासच्या यादीतला पुढचा नंबर लावला.